पक्षकार हजर

जनावर कोणाचं, या एका प्रश्नावर आमच्या हिच्या मामांइतका भांडलेला माणूस उभ्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो मामांच्या विरुद्ध बाजूचा वकील निघेल. अहमदपूरच्या कोर्टात मामांनी हयात घालवली. त्यांच्या बरोबरीचे वकील बांधाच्या, वाटणीच्या आणि मृत्युपत्रांच्या भांडणांवर दुमजली घरं बांधून मोकळे झाले. मामांकडे मात्र म्हैस आली, शेळी आली, शेजारणीच्या कोंबड्यांत जाऊन नांदायला लागलेली कोंबडी आली. त्यांच्या कार्यालयाच्या दारात चपला कमी आणि शेण जास्त असायचं. लोक त्यांना तोंडावर वकीलसाहेब म्हणत आणि पाठीमागे जनावरांचे वकील. मामांना हे दुसरं नाव जास्त आवडायचं. "माणसाचा वकील कुनीबी होतंय, जावईबापू," ते मला सांगायचे. "माणूस बोलतंय, रडतंय, खोटं सांगतंय. जनावराला खोटं सांगता येत न्हाई, म्हून त्याची केस लई अवघड."

मामांची खरी गंमत अशी की त्यांचं सगळं शिक्षण जमिनीच्या कायद्यावर झालं होतं, आणि तो कायदा ते बेधडक जनावरांना लावत. एका चोरीला गेलेल्या म्हशीच्या दाव्यात त्यांनी म्हशीच्या चतुःसीमा लिहून दिल्या होत्या: पूर्वेस तोंड, पश्चिमेस शेपूट, दक्षिणेस व उत्तरेस पोट. विरुद्ध बाजूच्या वकिलानं हरकत घेतली की म्हैस वळली म्हणजे चतुःसीमा बदलतात. मामा शांतपणे म्हणाले, "म्हैस वळती साहेब, मालक वळत न्हाई." कोर्ट हसलं आणि म्हैस घरी आली. हिच्या माहेरी एकदा एक करडी मांजर येऊन राहिली. सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, तिला पोत्यात घालून लांब सोडून यायच्या बेतात होत्या. मामांनी पोतं हिसकावून घेतलं आणि म्हणाले, "आक्का, हिला काढता येत न्हाई. ही संरक्षित कूळ हाय. घर तुझं असंल, पर उंदरं ती कसती." निजामाच्या मुलखात कूळकायद्याचा धाक अजून इतका आहे की सासूबाईंनी खरोखरच मांजरीला दूध चालू केलं.

खटला घेण्याआधी मामा मालकाचं ऐकून घेत नसत. आधी जनावराला भेटायचं, मग माणसाला. याला ते स्थळपाहणी म्हणत. काळा कोट घालून गोठ्यात शिरत, म्हशीच्या डोळ्यांत बघत, तिच्या कानामागं खाजवत, आणि बराच वेळ नुसते उभे राहत. त्यामुळे त्यांच्या कोटावर कायम कुठल्या ना कुठल्या पक्षकाराचे केस असायचे. मामी म्हणायच्या की ब्रशनं कोट झाडला तर एक लहानसं वासरू तयार होईल. लग्नकार्यातही हा रोग सुटत नसे. आमच्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून घोडीवर बसलो होतो, वाजंत्री भरात होती, आणि मामांनी अचानक लगाम धरून वरात थांबवली. सगळ्यांना वाटलं, देण्याघेण्याचं काहीतरी बिनसलं. मामा घोडीवाल्याला विचारत होते, "ही बिथरली अन् कुनाला लागलं, तर जबाबदार कोन? मालक तू, पर ताबा ह्यांचा." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या क्षणापासून मंडपापर्यंत मी ताबेदाराच्या चेहऱ्यानं बसून होतो. फोटोत ते स्पष्ट दिसतं.

मुरुडच्या शेळीची गोष्ट तर मामा जेवताना हमखास सांगत. आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, चारापाणी दुसऱ्याचं, आणि होणारी पिल्लं दोघांत निम्मी. त्या शेळीनं पहिल्याच वेताला तीन बोकड दिले. झालं, दोन्ही घरांत बोलणं बंद! मालक म्हणाला पोट माझ्या शेळीचं, पाळणारा म्हणाला पाला माझ्या हातचा. मामांनी दोघांना समोर बसवलं आणि निकाल दिला की तिसरा बोकड सामाईक. सामाईक विहिरीचं पाणी जसं दोघंही पितात, तसं त्याचं करायचं. पुढं जत्रेला त्या बोकडाचं वाटप शेताच्या वाटणीसारखं सरस-निरस मानानं रश्श्यात झालं, आणि दोन्ही घरं एका पंगतीला बसली. मामांना मानाचं बोलावणं होतं. ते गेले, पण नुसत्या भाकरी-ठेच्यावर उठले. "वकील पक्षकाराला खातंय असं लोकं म्हनतेत," ते म्हणाले. "म्हनू द्या. मी खरोखर कसं खावं?"

उदगीरचा पोपट ही त्यांची दुसरी आवडती कथा. दोन भावांची वाटणी झाली, शेतं वाटली, भांडी वाटली, आणि पोपटावर गाडं अडलं. पोपट निम्मा मराठी आणि निम्मा कानडी बोलायचा, त्यामुळे भाषेवरूनही निवाडा होईना. दोघंही मामांसमोर छातीवर हात मारून सांगू लागले की पोपट माझा, मी त्याला तळहातावर वाढवला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा हाय. आता सांगा, कुनाचा हाय?" दोघंही भाऊ एकदम पोपटाला ओळखेनासे झाले. हा कुठला पोपट, कोणी आणला, आम्ही तर आजच बघतोय! पोपट मात्र पिंजऱ्यातून आळीपाळीनं दोघांनाही नाव घेऊन हाका मारत राहिला. शेवटी मामांनीच तो जंगलखात्याच्या लोकांकडे पोचवला. ही गोष्ट सांगताना मामा इतके हसत की पुढचा घास हातातच राहायचा.

आता मामा थकलेत. कोर्टात जाणं जवळजवळ बंद आहे. पण गेल्या साली त्यांनी आमच्या लातुरातल्या गल्लीत जो शेवटचा मोठा खटला जिंकला, त्याला तोड नाही. म्हशीचा, शेळीचा आणि पोपटाचा विजय एका बाजूला ठेवा आणि हा एक दुसऱ्या बाजूला.

आमच्या गल्लीत, आमच्या माडीच्या समोरच, शिवणकाम करणाऱ्या एक खाला राहतात. नवरा जाऊन वर्षं झाली, मुलं हैदराबादला. क्लासवाले सर म्हणून एक गृहस्थ आहेत, पोरांना भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांच्या घराच्या तळमजल्यावरची एक खोली खालांकडे भाड्यानं आहे. त्या खोलीच्या पायरीवर एक तांबडा कुत्रा बसायचा. नमाजाची खोली म्हणून खाला त्याला आत घेत नसत, आणि पायरीवरच्याला उपाशी ठेवणं त्यांच्यानं होत नसे. दिवसभर आत मशीन चालायचं आणि बाहेर हा बसायचा. कोणी विचारलं, खाला, कुत्रा पाळलात का, तर खाला लगेच म्हणायच्या, "नक्को बाबा, मेरा नहीं है. बैठता बिचारा." कारण सरांनी आधीच बजावून ठेवलं होतं की कुत्रं पाळायचं असेल तर दुसरी खोली बघा. या वयात, या गल्लीतली गिऱ्हाइकं सोडून, खाला जाणार कुठं?

आणि एके दिवशी तो कुत्रा नेमका सरांच्याच अंगावर धावून गेला. म्हणजे सरांचं म्हणणं तसं होतं. सर मागं मागं सरकत उघड्या गटारीत बसले, पँट फाटली, कोपर खरचटलं, आणि क्लासची सगळी पोरं खिडकीतून बघत होती. यातलं शेवटचं दुखणं सगळ्यांत मोठं. सरांनी प्रांतसाहेबांच्या कचेरीत अर्ज दिला की हे धोकादायक जनावर आहे, याचा कायमचा बंदोबस्त करा. अशा जनावराला हलवण्याचा किंवा संपवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार साहेबांना असतो, हे सरांनी शोधून काढलं होतं. सुनावणीची नोटीस पायरीवर येऊन पडली. त्या दिवशी खालांचं मशीन दुपारपर्यंत चाललं नाही. माझ्या बायकोला ते ऐकू आलं नाही म्हणून ती खाली गेली, आणि वर येऊन तिनं सरळ मामांना फोन लावला.

मामा दुसऱ्याच दिवशी एसटीनं हजर. हातात काळा कोट, काखेत पिशवी. चहासुद्धा न घेता खाली गेले आणि पायरीवर कुत्र्याशेजारी बसले. सकाळ गेली, दुपार गेली, मामा हलेनात. गल्लीतून येणारे-जाणारे कुत्र्याला काय म्हणतात, कुत्रा काय करतो, हे टक लावून बघत होते. एकदा खाला भाकरीचा तुकडा घेऊन दारात आल्या, काहीतरी म्हणाल्या, आणि मामा ताडकन उठून टाळ्या वाजवायला लागले. वर आले ते नाचतच. "जावईबापू, केस खिशात हाय!" मी विचारलं, काय सापडलं? "ते साहेबापुढं सांगीन. तुमच्या पोटात ऱ्हानार न्हाई." हा माझ्यावरचा विश्वास.

संध्याकाळी त्यांनी खालांना समोर बसवून साक्ष घोकून घेतली. "खाला, साहेब इचारतील, कुत्रं कुनाचं? तुम्ही काय म्हनायचं? माझं न्हाई. बस. माझं म्हनलात तर सरांच्या कोपरापासून गटारीपर्यंत समदं तुमच्या गळ्यात, अन् खोलीबी जाईल. मालक कुनीच न्हाई. कुत्र्याची त्या पायरीवर वहिवाट हाय, अशी मी बाजू मांडनार हाय. कुत्रं गल्लीचं न्हाई, गल्लीच कुत्र्याची हाय!" खाला मान हलवत राहिल्या. "बोलती, साब. मेरा नहीं है. मेरा नहीं है." त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि ओढणीच्या टोकाशी चाळा करत होत्या.

सुनावणीला अर्धी गल्ली गेली. मामांचा आग्रह असा की नोटीस ज्याच्याविरुद्ध आहे तो हजर पाहिजे, म्हणून कुत्राही रिक्षातून आला. साहेब तरुण होते, कडक इस्त्रीचे. मामांनी कोट चढवला आणि ठणकावून सांगितलं, "साहेब, पक्षकार हजर हाय." साहेबांनी टेबलाच्या कडेवरून वाकून पाहिलं. पक्षकार जांभई देत होता.

मामांनी सरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. "सर, कुत्रं दिसलं तवा तुम्ही काय केलं?"

"त्याला हाकललं."

"कसं हाकललं? शब्द सांगा."

"हाड म्हणालो."

हे ऐकताच खोलीच्या टोकाला बसलेला कुत्रा उठून उभा राहिला आणि शेपूट हलवायला लागला. मामांनी तिकडं बघितलंच नाही. "मग?"

"मग तो माझ्याकडे आला. मी आणखी मोठ्यानं हाड म्हणालो. तो पळत आला. साहेब, मी जितका आवाज वाढवला तितका त्यानं वेग वाढवला!"

एवढं बोलेपर्यंत कुत्रा लोकांच्या पायांतून वाट काढत सरांपर्यंत पोचला होता, आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून आडवा झाला होता. सर भिंतीला चिकटले. मामा दोन्ही हात वर करून साहेबांकडे वळले. "साहेब, ह्या जिवाला जन्मल्यापासून गल्लीनं एकच शब्द ऐकवला. दूधवाला हाड म्हनतंय, पेपरवाला हाड म्हनतंय, अन् भाकरी देताना ह्या खालाबी मायेनं तेच म्हनतेत, हाड, ले. त्याला वाटतंय आपलं नाव हाय! अर्जदारानं भर रस्त्यात माझ्या पक्षकाराला नाव घेऊन हाक मारली. एकदा न्हाई, वरचेवर, चढत्या आवाजात. ते बिचारं आदबीनं आलं. आता सांगा, ह्यात गुन्हा कुनाचा?"

खोलीत जो हशा उठला, तो खाली जिन्यापर्यंत ऐकू गेला असणार. कारकून टाइप करता करता थांबला आणि त्यानं विचारलं, "साहेब, 'हाड' हे जखमेत घेऊ का नावात?" साहेबांनी रुमाल तोंडाला लावला होता. जरा सावरून ते म्हणाले, "ते ठीक आहे वकीलसाहेब, पण मग याला हाकलायचं कसं? ज्याला खरंच भीती वाटते, त्यानं काय म्हणायचं?"

मामा याचीच वाट बघत होते. त्यांनी कुत्र्याचा कापलेला कान दाखवला. "साहेब, नसबंदीवाल्यांची गाडी आली तवा त्यांनी बिस्कीट दाखवून लई गोड हाक मारली होती. ते गेलं, अन् परत आलं ते असं होऊन. तवापासून त्या गोड हाकेवरचा त्याचा इश्वास उडाला. तुम्हीच मारून बगा." साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, खुर्चीत जरा पुढं झाले, आणि कोवळ्या आवाजात म्हणाले, "यू यू यू." कुत्र्यानं शेपूट पायांत घातली आणि तीरासारखा थेट खालांच्या पायामागं जाऊन दडला. साहेबांचा उरलासुरला कडकपणा तिथंच गळून पडला.

मामा आता पूर्ण रंगात आले होते. वहिवाटीचा मुद्दा घशाशी आला होता, खाकरून झालं होतं. एवढ्यात साहेबांनीच सहज विचारलं, "बरं, पण हा कुत्रा आहे कोणाचा?" मामांनी खालांना डोळ्यांनी खूण केली. खाला उठल्या. ओढणी सारखी केली. कुत्रा त्यांच्या पायाशी बसून वर, त्यांच्या तोंडाकडे बघत होता. खालांनी खाली पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"मेरा है, साब," त्या म्हणाल्या. "मेराच है."

मी मामांकडे पाहिलं. घशाशी आलेली वहिवाट त्यांनी तशीच गिळून टाकली होती. सर खालांकडे बघत होते. आता सर खोलीचं काढणार, असं मला वाटलं. साहेबांनी मात्र मान डोलावली. "मग प्रश्नच मिटला. मालक हजर आहे. पट्टा बांधा, इंजेक्शनं वेळेवर द्या, आणि गल्लीतल्या लोकांना कोणता शब्द कधी वापरायचा ते समजावून सांगा. अर्ज निकाली." साहेबांनी सरांकडे पाहिलं. "तुमचं काही?" सर बराच वेळ बुटावरची लाळ पुसत होते. मग म्हणाले, "पट्टा बांधणार असतील तर माझी हरकत नाही. खोलीचं मी काही बोललेलो नाही." बोलले होते, सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. पण त्या क्षणी मला सरांचा पापा घ्यावासा वाटला.

बाहेर अंगणात आमच्या गल्लीनं जो जल्लोष केला तो विचारू नका. कोणीतरी पेढे आणले, कोणीतरी मामांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि मामांच्या वजनाचा अंदाज आल्यावर नुसताच हार घातला. सगळे टाळ्या पिटत ओरडत होते, "हाड! हाड! हाड!" आणि कुत्रा वेड्यासारखा या माणसाकडून त्या माणसाकडे धावत होता, एवढी हाक त्याला जन्मात कोणी मारली नव्हती. कामासाठी आलेले लोक हबकून बाजूला उभे होते. सरकारी कचेरीच्या दारात एवढी माणसं मिळून कोणाला हाड म्हणताहेत, हे त्यांना कळेना. वरच्या खिडक्यांतून काही कर्मचाऱ्यांनी डोकावून पाहिलं आणि घाईनं खिडक्या लावून घेतल्या.

परतताना रिक्षात मागं मामा, खाला आणि मधे कुत्रा, मी ड्रायव्हरशेजारी. मामांच्या गळ्यात हार होता, पण राहून राहून त्यांना एक गोष्ट टोचत होती. शेवटी त्यांनी विचारलंच. "खाला, मी एवढं घोकून घेतलं होतं. माझं न्हाई म्हना, माझं न्हाई म्हना. खोली गेली असती म्हंजे? काहून बोलला तसं?"

खालांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. पायरीवर त्यांनी त्याला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. "वकीलसाब, मय बोलनेवालीच थी. घर में बोल-बोल के देखी ना मय. पन वो सामने बैठा था. उसके मूं पे कैसा बोलूं, मेरा नहीं है बोलके?"

रिक्षा आमच्या गल्लीत शिरली, खाला उतरल्या, कुत्रा उतरला, तरी मामा तसेच बसून राहिले. दुपारी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. हार त्यांनी आमच्याच घरी ठेवला होता. अहमदपूरची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या कोटावरचा एक तांबडा केस त्यांनी चिमटीत धरला आणि बोटांत फिरवत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "जन्मभर मी जनावरांला कोर्टाबाहेर लिंबाखाली बांधून आत भांडलो. आत कुनी म्हनायचं माझं, कुनी म्हनायचं माझं न्हाई. बाहेर त्यांला काय वाटत असंल, हे कदी इचारलंच न्हाई मी कुनाला."

मी म्हणालो, मामा, आज तुम्ही जिंकलात. त्यांनी हो म्हणून मान हलवली. मग गाडी लागली आणि ते खिडकीजवळची जागा धरायला लगबगीनं उठले.